बिनमिठाचा बर्फ

औषध तुम्ही मारलंत. गुलाम रसूलनं नाही.

तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला बरोबर कळलंय. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की तेव्हा मी तिथं नव्हतो म्हणत तुम्ही बदलीची तारीख दाखवाल, आणि आम्ही पुन्हा कागदांच्या मागं फिरत बसू. ज्याच्या हुकमानं नांदेडची ती औषधवाटपाची खिडकी उघडायची आणि ज्याच्या हुकमानं बंद व्हायची, ते तुम्ही. हुसेनबीच्या केसपेपरवर 'नातेवाइकाच्या निष्काळजीपणामुळे औषध निकामी' ही ओळ लिहायला लावली, तेही तुम्हीच.

निष्काळजी म्हणे. मी त्या माणसाबरोबर गाडीवर होतो. नांदेडपासून लातूरपर्यंत त्यानं ते औषध मांडीवर धरून नेलं. तान्ह्या लेकराला कुणी असं नेत नाही.

मी निवृत्ती. माझं वेल्डिंगचं दुकान गुलाम रसूलच्या घराला लागून आहे. त्याच्या कुल्फीच्या गाड्याचं मोडलंतुटलं मीच जोडतो, आणि मजुरी म्हणून उन्हाळाभर कुल्फी खातो. तो मला निवृत्ती म्हणतो, मी त्याला रसूलभाई.

रसूलभाईच्या घरात कुल्फी निजामाच्या काळापासून. मशीन नाही, फ्रीज नाही. बर्फाची लादी आणायची, गोणपाटात घालून ठेचायची, मटक्यात भरायची, त्यात खडेमीठ टाकायचं. आटवलेलं दूध जस्ताच्या साच्यात ओतायचं, झाकणाला कणकेचा लेप द्यायचा आणि साचे त्या बर्फात गाडून मटका हलवत बसायचं. मीठ टाकल्याशिवाय दूध जमत नाही. नुसत्या बर्फात दूध गार होतं, पण दूधच राहतं. मीठ पडलं की तोच बर्फ चावायला लागतो. रसूलभाईच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरट डाग आहेत, ते याच चावण्याचे. भाजल्यासारखे दिसतात. आणि हलवणं थांबवलं तर काय होतं, ते त्याचा बाप त्याला सांगून गेला होता. "हिलाया नई तो दूध में बरफ के काटे पड़ते." म्हणजे दुधात बर्फाच्या सुया तयार होतात, जिभेला टोचतात, साय फाडतात. काटे पडलेली कुल्फी रसूलभाई गटारात ओततो, गिऱ्हाइकाला देत नाही.

हे एवढं लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

ते साल दुसऱ्या लाटेचं. मे महिना. लग्नं बंद, जत्रा बंद, माहूरच्या वाटेवरची गर्दी बंद. रसूलभाईचे मटके अंगणात पालथे पडले होते आणि त्यांवर मांजर झोपायचं. तशात लातूरहून भाचीचा फोन आला. मनतशा तिचं नाव, हुसेनबीची एकुलती एक मुलगी. हुसेनबी ही रसूलभाईची धाकटी बहीण, लातूरला दिलेली. तिचा नवरा शिलाईकाम करायचा, तो एप्रिलमध्येच कोरोनानं गेला. हुसेनबी वाचली, पण घरी आल्यावर तिचा गाल सुजला, नाकातून काळं पाणी आलं, डाव्या डोळ्यानं दिसेना. साखर आधीपासून होती. काळी बुरशी, असं डॉक्टर म्हणाले. डोळा काढावा लागला.

"मामू, डोळा गेला, पण बुरशी अजून आतमध्ये आहे," मनतशा फोनवर म्हणाली. "मेंदूकडं सरकली तर संपलं, असं डॉक्टर म्हणतात. रोज इंजेक्शन पाहिजे. इथलं संपलंय. नांदेडला आलंय, तुमच्याकडं. चिठ्ठी फोनवर पाठवते. नातेवाइकानंच आणायचं आहे."

नातेवाइकानंच आणायचं. ही पद्धत तुमची. शेकड्यानं माणसं बुरशीनं सडत होती आणि इंजेक्शन एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायला तुमच्याकडं गाडी नव्हती. तुमची एक एसी गाडी मात्र खिडकीसमोर सावलीला उभी होती. इंजिन चालू. ड्रायव्हर आत झोपलेला.

सकाळपासून रांगेत आम्ही. कुणी कंधारचा, कुणी देगलूरचा, कुणी पार हदगावकडचा. सगळ्यांचे डोळे सारखेच, तोंडावर फडकं. रांगेत माझ्यापुढं एक म्हातारा होता, त्यानं पोरासाठी स्टीलचा जेवणाचा डबा आणला होता औषध ठेवायला. मी विचारलं, "बाबा, यात गार राहतंय का?" तो म्हणाला, "मला काय ठावं? गार ठेवा म्हणत्यात. डबा सावलीत धरतो."

आमचा नंबर आला. आतल्या माणसानं चिठ्ठी बघितली, रजिस्टरवर रसूलभाईची सही घेतली आणि बाटल्या दिल्या. खोक्यासकट नाही. सगळ्यांना थोडं थोडं पुरवायचं म्हणून खोकी फोडून सुट्या बाटल्या वाटत होते. ज्या खोक्यावर सूचना छापल्या होत्या ती खोकी आत कोपऱ्यात ढीग लावून पडली होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून कॅरीबॅगमध्ये घातल्या आणि बाहेर सरकवल्या.

"थंड ठेवा," आतला म्हणाला.

"साहब, कित्ता ठंडा?" रसूलभाईनं विचारलं.

हे वाक्य मी ऐकलंय. माझ्या मागच्यानंही ऐकलंय.

आतला वैतागला. "आता काय थर्मामीटर लावून देऊ का चाचा? जितकं थंड ठेवता येईल तितकं ठेवा. चला, पुढचा कोण हाय?"

रसूलभाई बाजूला झाला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत हसू बघितलं मी. "निवृत्ती, सुना क्या? जित्ता हो सके उत्ता. अल्लानं हे काम नेमकं मलाच दिलं की रे. नांदेडात माझ्याइतकं थंड कोण करतंय?"

मी म्हणालो, "कुणी न्हाई."

घरी आल्याबरोबर त्यानं एक लहान मटका धुऊन घेतला. बर्फाच्या कारखान्यात फोन केला. तेव्हा लादी फक्त मयताला जायची, पण मालक ओळखीचा, त्यानं अर्धी लादी दिली. रसूलभाईनं ती ठेचली. बाटल्या एकेक करून मलमलीच्या कापडात गुंडाळल्या, कुल्फीच्या साच्यात घातल्या, झाकणं लावली, कणकेचा लेप दिला. त्याची बायको बाजूला उभी होती. ती म्हणाली, "नमक डालो, नई तो लातूर तक पानी हो जाता." त्यानं दोन्ही मुठी भरून खडेमीठ टाकलं. वर पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. मग लाल फडकं ओलं करून मटक्याला गुंडाळलं आणि त्याला मोठ्या सणाची आठवण झाली. हुसेनबीला दर ईदला तो असाच मटका घेऊन जायचा. तिच्या गल्लीतली पोरं लाल फडकं दिसलं की ओरडायची, मामू आया.

"समजंल तिला," तो म्हणाला. "मटका दिसला की समजंल, भाई आला."

माझी मोटारसायकल. मी पुढं, तो मागं, मटका दोघांच्या मध्ये त्याच्या मांडीवर. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. लोहा गाव मागं पडलं. खारट बर्फाचं पाणी मटक्यातून झिरपून त्याच्या मांडीवर उतरत होतं. मी म्हणालो, "रसूलभाई, खाली ठेवा जरा, मांडी भाजंल." तो म्हणाला, "चल तू. दवा गरम नक्को होना."

जिल्ह्याच्या हद्दीवर नाका. हवालदार खुर्चीवर बसून होता, डोक्यावर ओला टॉवेल. मटका बघून तो उठलाच.

"काय मामू, लॉकडाऊनमध्ये कुल्फी?"

"दवा है साहब."

"कुल्फीच्या मटक्यात दवा? मग माझ्या काठीत काय बासरी हाय? उघडा."

"खोल्या तो ठंडक जाती साहब."

"माझी कवाच गेलीय. उघडा म्हणलं."

मी मोबाइलवरची चिठ्ठी दाखवली. त्यानं डोळे बारीक करून वाचली. बुरशीचं नाव वाचल्यावर त्याचा आवाज उतरला. "कोण हाय?"

"बहीण. छोटी."

हवालदारानं बॅरिकेड स्वतः ओढलं. "जावा. अहमदपुरात थांबू नका, तिथं लई वेळ घेत्यात." मग मागून म्हणाला, "मामू, बहीण बरी झाली की येताना खरी कुल्फी आणा. मी इथंच सडून राहिलोय."

लातूरला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. वॉर्डाच्या दारात मनतशा उभी. मामूला बघून तिला रडू आलं, मटका बघून थोडं हसू आलं. आत नर्स होती, महामाया नावाची, निलंग्याकडची. लसीकरणाच्या कामावरून उचलून तिला या वॉर्डात आणून टाकलं होतं. मी जयभीम केला, तिनंही केला.

रसूलभाईनं मटका टेबलावर ठेवला, लेप फोडला, साच्यातून बाटली काढली आणि टेबलावर वाजवली. टक्क. "देखो सिस्टर. पत्थर. एक भी फूटी नई."

महामायानं बाटली हातात घेतली. तिला आनंद झाला नाही. ती बाटलीकडं बघत राहिली.

"मामा, ही गोठलीय."

"हौ. एकदम."

"गोठवायला कुणी सांगितलं?"

"खिडकीवर बोले, जित्ता हो सके उत्ता ठंडा."

तिनं बाटली खाली ठेवली. "हे औषध मी पहिल्यांदाच हाताळतेय. पण आमच्या लशीच्या कामात गोठलेली बाटली आम्ही फेकून देतो. ही लस नाही, मला नक्की सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारते. तुम्ही बसा."

बाटल्या वितळेपर्यंत रसूलभाई बाकावर बसला. त्याची पँट मांडीवर मिठानं पांढरी झाली होती. मी म्हणालो, "काय होत नसतं, सिस्टर जरा भित्री हाय." त्यानं मांडीवरचं मीठ झटकलं.

डॉक्टर आले. आनंदराज त्यांचं नाव, वय जास्त नसेल, पण चेहरा झोप नसल्यानं म्हाताऱ्यासारखा झालेला. त्यांनी वितळलेली बाटली खिडकीच्या उजेडात धरली. औषध पिवळट, दुधासारखं एकजीव असायला पाहिजे होतं म्हणे. आम्हालाही दिसलं. तळाला चोथा बसला होता, वर पिवळं पाणी. डॉक्टरांनी बाटली हळूच फिरवली. चोथा उठला आणि पुन्हा बसला.

"निकामी," ते म्हणाले. मग दुसरी धरली, तिसरी धरली. "सगळी."

"पण साहब, ठंडा तो रखा," रसूलभाई म्हणाला.

डॉक्टर समोर स्टुलावर बसले. दुसरा कुणी असता तर ओरडला असता. ते बसले आणि सांगायला लागले, हे मी त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

"मामा, हे औषध मुळात विषच आहे. बुरशी मारतं, पण किडनीलाही सोडत नाही. म्हणून ते चरबीच्या फुग्यांत भरतात. फुगे एवढे बारीक की केसाच्या जाडीत हजारेक शेजारी शेजारी बसतील. नॅनो म्हणतात त्याला."

"ती छोटी गाडी होती तसं?" मी म्हणालो.

"त्या गाडीच्या काचेवरची धूळ याच्यापुढं डोंगर आहे. तर, फुग्यात बंद असतं तोवर किडनीला त्याची झळ फार कमी लागते. रक्तातून फिरत फिरत जिथं बुरशी आहे तिथं जातं आणि तिथं उतरतं. सगळी किमया त्या पापुद्र्याची. गार ठेवायचं ते पापुद्रा टिकावा म्हणून. पण गोठलं, की पापुद्रा फाटतो. मग आत काय आणि बाहेर काय."

रसूलभाई जमिनीकडं बघत होता. आम्हा कुणाला समजायच्या आधी त्याला समजलं होतं. तो हळूच म्हणाला, "बरफ के काटे."

"काय म्हणालात?"

"काटे पड़ गए साहब. हिलाया नई, जम गया, काटे पड़ गए. काट्यांनी ते फुगे फाडले." मग त्यानं आपल्या डाग पडलेल्या हातांकडं बघितलं. "नमक नक्को था. बिना नमक का बरफ डाल्या होता, बीच में कपड़ा, तो जमताच नई. दूध कधी जमत नाही बिनमिठाच्या बर्फात. नुसतं थंड राहतं. संध्याकाळपर्यंत राहतं. हाच मटका, हाच बर्फ. फक्त नमक नक्को, इत्ताच बोलना था किसी ने."

मनतशानं भिंतीला टेकून तोंड ओढणीत लपवलं.

डॉक्टरांनी तिथूनच तुम्हाला फोन लावला. तुम्हाला आठवत असेल. आठवत नसेल तर मी आठवण करून देतो. डॉक्टर म्हणाले, औषध वाटेत गोठलंय, पेशंट मोठ्या धोक्यात आहे, बदली बाटल्या द्या, मी स्वतः माणूस पाठवतो. तुमचा आवाज आम्हाला ऐकू येत नव्हता, डॉक्टरांचा चेहरा दिसत होता. ते म्हणाले, "सर, पण सूचना दिली होती का?" मग फोन कानाशी धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "सर, तसं लिहिणं बरोबर होणार नाही." मग "येस सर."

फोन ठेवून ते म्हणाले, "पेशंटच्या नावावर दिलेलं एकदा दिलं म्हणतात. दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं काढून देता येत नाही. आणि केसपेपरवर नोंद करा म्हणतात."

"काय नोंद?" मनतशानं विचारलं.

त्यांनी सांगितलं. वर ती ओळ लिहिलीच आहे मी.

"मामूनं विचारलं होतं," मनतशा म्हणाली. "कित्ता ठंडा, म्हणून विचारलं होतं. ते लिहा ना मग. ते पण लिहा."

डॉक्टरांनी पेन हातात धरलं होतं. त्यांनी फक्त सांगितलेली ओळ लिहिली. भले होते, पण नोकर होते.

आता उरलं होतं ते साधं औषध. तेच विष, पण उघडं, फुग्याशिवाय. डॉक्टरांनी मनतशाला समोर बसवून सांगितलं, "हे नाही दिलं तर बुरशी मेंदूत जाईल. दिलं तर किडनीवर मार बसेल. सलाइन भरपूर देऊ, रोज रक्त तपासू. पण त्यांची साखर बघता किडनी आधीच थकलेली आहे." मनतशानं सही केली. बावीस वर्षांच्या पोरीनं आईच्या डोक्याच्या आणि किडनीच्या मध्ये सही केली, कारण तुम्हाला एक शब्द जास्त बोलायचा कंटाळा आला होता.

आत जाऊन रसूलभाई बहिणीजवळ बसला. तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. औषध लागलं की तिला थंडी वाजायची, दात वाजेपर्यंत. तिला गोधडी पांघरून तो बसून राहिला. तिनं उघड्या डोळ्यानं बघितलं.

"भाई, मटका लाया बोली मनतशा."

"हौ."

"मेरेकू दे ना थोड़ी."

"उसमें कुल्फी नई है, हुसेना. दवा थी."

"फिर दवा कां है?"

रसूलभाईनं तिला सगळं सांगितलं. मी म्हणत होतो सांगू नका, त्यानं सांगितलं. खोटं बोलायची त्याला सवय नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू पूछ्या था ना, कित्ता ठंडा?"

"पूछ्या था."

"फिर रोता कायकू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही परत नांदेडला. या खेपेला मटक्यात बर्फ होता आणि मीठ नव्हतं. डॉक्टरांनी आपल्या जबाबदारीवर एक विनंतीची चिठ्ठी दिली होती. खिडकीवर तोच माणूस. चिठ्ठी बघून त्यानं आत कुणाला तरी विचारलं, बहुतेक तुम्हालाच, आणि परत सरकवली. "यांच्या नावावर झालंय."

"साहब, बहन मर जाएगी."

"इथं सगळ्यांचंच कोणी ना कोणी मरतंय, चाचा. मागं व्हा."

रसूलभाई मागं झाला. मला वाटलं, आता हा खाली बसणार. तेवढ्यात पुढच्या माणसाला बाटल्या मिळाल्या आणि आतून तेच शब्द आले. "थंड ठेवा." तो माणूस कॅरीबॅग घेऊन निघाला. शेजारच्या टपरीवर फ्रीज होता, टपरीवाला बिचारा लोकांना मदत म्हणून औषध ठेवू द्यायचा. वरच्या कप्प्यात. जिथं बर्फ जमतो तिथं.

तो माणूस तिकडंच वळला, तसा रसूलभाई धावला. त्याचा हात धरला. "भाऊ, वर नक्को. वर जम जाता. जम गया तो जहर. खाली ठेव, भाजीच्या जागेवर. बरफ पाहिजे तर माझ्याकडून घे, नमक नक्को डालू."

तो माणूस बिचकला. मी म्हणालो, "ऐका त्याचं. त्याच्या बहिणीचं असंच गेलंय."

मग त्यानं रांगेच्या तोंडाशीच मटका मांडला. जो बाटल्या घेऊन बाहेर येईल त्याला थांबवायचा, बिनमिठाचा बर्फ द्यायचा, बाटली फडक्यात गुंडाळायची, बर्फ आणि बाटलीच्या मध्ये कापड ठेवायचं, आणि सांगायचं. "गार हवं, जमायला नको. हाताला गार लागलं पाहिजे, कडक नाही लागलं पाहिजे." कारखान्याच्या मालकानं ऐकलं तेव्हा त्यानं आणखी लाद्या पाठवल्या. जेवणाच्या डब्यात औषध ठेवणारा तो म्हातारा, कालच्याच बाटल्या घेऊन, गार कसं ठेवायचं ते विचारायला पुन्हा आला होता, त्याच्या डब्यातही रसूलभाईनं बर्फ भरून दिला. म्हातारा म्हणाला, "कालच का न्हाई सांगितलं रं बाबा?" रसूलभाई म्हणाला, "काल मलाच कुठं ठावं होतं."

हे काम खिडकीच्या आतल्या माणसांचं होतं. खिडकीच्या बाहेरचा माणूस ते करत होता, आणि ज्या बाटल्या तो सांभाळायला शिकवत होता त्यातली एकही त्याच्या बहिणीची नव्हती.

तुम्ही काय केलंत? पोलीस पाठवलेत. गर्दी जमवली म्हणून. रसूलभाईला जीपमध्ये बसवलं, मटका रस्त्यावर फुटला. मी मध्ये पडलो तर मलाही बसवलं. चौकीत संध्याकाळपर्यंत आम्हाला बाकावर बसवून ठेवलं. जमादार म्हणाला, "कुल्फी विकत होता का रे?" मी म्हणालो, "साहेब, तुमच्या सरकारचं काम करत होता, फुकट."

आणि पुढच्या आठवड्यात त्याच खिडकीवर एक कागद डकवला गेला. मी जाऊन वाचला. संगणकावर टाइप केलेला, वर शिक्का. 'औषध गोठवू नये. बर्फाशी थेट संपर्क येऊ देऊ नये.' रसूलभाईचेच शब्द, फक्त साहेबी केलेले. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. आधीपासून ठाऊक होतं, की त्याच्या तोंडून ऐकून ठाऊक झालं, एवढंच विचारायचं राहिलंय.

हुसेनबीची बुरशी थांबली. डॉक्टर म्हणाले, मेंदूकडं गेली नाही. साध्या औषधानं ते काम केलं. पण लघवी आधी कमी झाली, मग थांबली, पाय सुजले, श्वास लागायला लागला. डायलिसिसच्या यंत्रावर दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा घ्यायच्या आधीच ती गेली. रसूलभाई तिच्या पायाशी होता. महामाया तोंड फिरवून खिडकीकडं उभी होती.

लातूरच्या कब्रस्तानात माती देऊन आम्ही परतलो. नाक्यावर तोच हवालदार होता. त्यानं आम्हाला ओळखलं. रिकाम्या हातांकडं बघितलं आणि काही न विचारता बॅरिकेड ओढलं.

त्याला आता काही वर्षं झाली. लग्नं सुरू झाली, जत्रा सुरू झाल्या. रसूलभाईनं नवा मटका घेतला, मी गाडा जोडून दिला. पण त्याची कुल्फी आता जमत नाही. लोक तोंडावर सांगतात, "मामू, ही कुल्फी हाय का बासुंदी?" मी एकदा शेजारी उभं राहून बघितलं. बर्फ ठेचतो, साचे गाडतो, मिठात हात घालतो. मूठ भरून वर येते आणि मटक्यावर थांबते. मग अर्धी परत खाली जाते. त्याच्या बापानं जे त्याच्या हातात घातलं होतं, ते तुमच्या त्या एका ओळीनं काढून घेतलं. तुम्ही लिहिलंत निष्काळजी, आणि त्यानं ते खरं मानलंय. मी, मनतशा, त्याची बायको, आम्ही सगळे सांगून दमलो. तो म्हणतो, "निवृत्ती, नमक तो मैंने डाल्या ना."

आमच्या सांगण्यानं आता भागत नाही. तुम्हीच सांगायचंय. पैसे नकोत, चौकशी नको, चौकशीचे कागद आम्ही बघितले. तुम्ही त्याच्या दारात या, खाली मान घालून नका येऊ, सरळ या, आणि त्या माणसानं भर उन्हात, रांगेत उभं राहून, तुमच्या खिडकीवर जे विचारलं होतं त्याचं उत्तर द्या. तो विसरलेला नाही. मीही नाही. तेच शब्द पुन्हा विचारतो.

साहब, कित्ता ठंडा?

बोला.